पाळकीय समुपदेशन: सुरुवात कुठून करायची

पाळकाचं, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मसेवकाचं, बहुतेक प्रशिक्षण बोलण्याचं असतं. उताऱ्याचा अर्थ लावायचा, संदेश तयार करायचा, वीस-तीस मिनिटांत तो मंडळीपुढे मांडायचा. समुपदेशनाला बसल्यावर नेमकी हीच कमाई आड येते. समोरच्याची दोन वाक्यं होईपर्यंत डोक्यात बायबलचं वचन तयार असतं, तिसऱ्या वाक्याला ते तोंडातून बाहेर पडतं, आणि जे सांगायला तो माणूस खरं तर आला होता ते चौथं वाक्य त्याच्या पोटातच राहतं. समुपदेशनाच्या पायाभूत शिक्षणाचा मोठा भाग ही सवय ओळखण्यात आणि आवरण्यात जातो. बाकीचं तंत्र त्यामानाने लवकर जमतं.

आधी कामाची हद्द पाहू. पाळकीय काळजी हे सर्वांत मोठं वर्तुळ: आजाऱ्याची भेट, अंत्यविधी, गृहभेट, प्रार्थना. याला ठरलेली वेळ नसते आणि शेवटही नसतो. समुपदेशन हे त्यातलं छोटं वर्तुळ. इथे माणूस एखादी ठरावीक अडचण घेऊन येतो, मदत मागतो आणि दोघं मिळून ठरवतात की किती वेळा भेटायचं, कशासाठी भेटायचं. मानसोपचार हे या वर्तुळांच्या बाहेरचं काम आहे. तिथे आजाराचं निदान होतं, उपचार होतात, आणि ते त्याच्या प्रशिक्षित माणसानेच करायचे असतात. अनेक देशांत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ असं बिरूद परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे, तेव्हा पाटीवर काय लिहितो याकडे पाळकाने लक्ष द्यावं.

ही सेवा जुनी आहे. पोप ग्रेगरी पहिला याने इसवी सन ५९०च्या सुमारास पाळकांसाठी लिहिताना आनंदी आणि दुःखी, उतावळा आणि मंद, अशा जोड्या मांडून एकच बोल सगळ्यांना लागू पडत नाही हे सविस्तर सांगितलं होतं. आजची प्रशिक्षणपद्धत मात्र विसाव्या शतकातली. अमेरिकेतल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयाचे धर्मसेवक अँटन बॉइसन यांनी १९२५मध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवायला सुरुवात केली. बॉइसन स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच रुग्णालयात दाखल होते. ग्रंथ वाचतो त्याच आदराने आणि बारकाईने माणूस वाचावा, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे १९५८मध्ये सीवर्ड हिल्टनर यांनी पाळकाच्या कामाचे तीन भाग मांडले: बरं करणं, सावरून धरणं, वाट दाखवणं. काही वर्षांनी इतर अभ्यासकांनी चौथा भाग जोडला, समेट घडवणं. ही यादी परीक्षेपुरती नाही. प्रत्येक भेटीआधी स्वतःला विचारावं: या माणसाला आज यातलं काय हवं आहे? असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला सावरून धरायचं असतं. तिथे पाळक बरं करण्याच्या मागे लागला की रुग्णाला आपला विश्वास कमी पडला असं वाटू लागतं, आणि मरणाबद्दल बोलायला शेवटचा माणूसही उरत नाही.

जागा, वेळ आणि पहिली पाच मिनिटं

उपासना संपल्यावर दाराशी “पास्टर, एक मिनिट होतं का?” असं कुणी म्हटलं, तर तिथल्या तिथे समुपदेशन सुरू करू नये. गर्दीत माणूस अर्धंच सांगतो आणि नंतर सांगितल्याचा पस्तावा करतो. “हे नीट बसून ऐकायला हवं. मंगळवारी संध्याकाळी जमेल का? तोवर थांबता येईल ना, की आजच बोलायला हवं?” एवढं विचारावं. यातला शेवटचा प्रश्न गाळू नये. काही जणांना मंगळवार फार लांब असतो.

खोली अशी हवी की आवाज बाहेर जाणार नाही पण आत कोण बसलंय ते दिसेल. दाराला काच असली तर उत्तम. नसेल तर इमारतीत आणखी कुणीतरी असेल अशीच वेळ द्यावी. खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या कोनात ठेवाव्यात, म्हणजे नजर मिळवताही येते आणि हटवताही येते. मध्ये टेबल नको. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे लावावं, म्हणजे मनगटाकडे न पाहता पाळकाला वेळ कळते. रुमाल हाताशी असावेत, पण डोळे भरल्याबरोबर पुढे करू नयेत. त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘आता आवरा’ असा घेतला जातो.

एका भेटीला पन्नास मिनिटं ते तास पुरे. दोन-अडीच तास बसणं म्हणजे जास्त प्रेम नव्हे. तासानंतर दोघांचंही लक्ष उडतं, तेच तेच फिरून येतं, आणि गरजेपेक्षा जास्त बोलून गेलेला माणूस पुढच्या रविवारी नजर चुकवतो. वेळ आधी सांगितलेली असली की महत्त्वाची गोष्ट शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर येते. असं झालं तर घाईने उरकू नये: “हे मोठं आहे. पुढच्या भेटीची सुरुवात इथूनच करू.” अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा.

गोपनीयतेचं बोलणं अगदी सुरुवातीला, माणूस काही सांगायच्या आधी व्हायला हवं. शब्द साधारण असे: “तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर, असहाय माणसावर अत्याचार होत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. तेव्हाही शक्य तितकं तुम्हाला सांगूनच करीन.” हे नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो. बालकावरच्या अत्याचाराची माहिती अधिकाऱ्यांना देण्याची सक्ती धर्मसेवकांवर आहे का, याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. आपल्याकडचा कायदा वकिलाकडून आधीच समजून घ्यावा, प्रसंग दारात आल्यावर नव्हे.

कॅथलिक धर्मगुरूंनी इथे आणखी एक भेद स्पष्ट ठेवावा. पापनिवेदनाच्या संस्काराची मोहर, म्हणजे तिथल्या बोलण्याची गुप्तता, कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेनेही ती मोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शिक्षा सांगितली होती. समुपदेशनाचं बोलणं मात्र संस्कार नव्हे. आपण आत्ता कुठल्या बैठकीत आहोत हे दोघांनाही ठाऊक असावं.

ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं

समजा, पत्नीच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी एक सभासद म्हणतो, “ती गेल्यापासून चर्चला यावंसंच वाटत नाही. गाणी सुरू झाली की उठून जावंसं वाटतं.” यावर पाळक काय म्हणतो? समुपदेशनाच्या वर्गात प्रतिसादांचे पाच प्रकार शिकवतात आणि ते इथे चांगले दिसतात.

“असं करून चालणार नाही, संगती सोडली की विश्वासही सुटतो” हा निवाडा झाला. “तुम्ही मनातून देवावर रागावला आहात” हा परस्पर लावलेला अर्थ. “होतं असं, काही महिन्यांत ठीक होईल” हा धीर, पण यात बोलणं संपवण्याची घाई आहे. “मुलं काय म्हणतात? मागच्या रविवारी आला होतात का?” ही चौकशी, माहिती मिळेल, पण बोलण्याचं सुकाणू आता पाळकाच्या हातात गेलं. पाचवा प्रतिसाद, म्हणजे त्याच्याच भावनेचा प्रतिध्वनी, असा: “गाणी सुरू झाली की तिची उणीव जास्तच टोचते, बसवत नाही.”

या पाचव्यात नवीन काही नाही, सल्ला तर नाहीच. तरी बहुतेक वेळा पुढचं दार त्यानेच उघडतं: “ती माझ्या शेजारी उभी राहून वरच्या पट्टीत गायची...” समजा, अंदाज चुकला, तरीही काम होतं. माणूस म्हणतो, “उणीव नाही हो, राग येतो. सगळे एवढ्या आनंदाने कसे गातात?” चुकीचा प्रतिध्वनी माणूस सुधारून देतो, चुकीचा सल्ला मात्र तो मुकाट्याने ऐकून घेतो आणि पुन्हा येत नाही.

पहिले चार प्रकार कायमचे वर्ज्य नाहीत. चौकशी लागते, धीरही लागतो, क्वचित निवाडाही. प्रश्न क्रमाचा आहे. पहिल्या भेटीत पाचव्या प्रकाराचं पारडं जड हवं. स्वतःच्या बोलण्याचा वाटा पाव भागापेक्षा वर गेला, तर समजावं की संदेश सुरू झाला.

ऐकताना तीन थर वेगळे धरावेत: काय घडलं, त्याचं काय वाटलं, आणि त्यातून त्याने स्वतःबद्दल, देवाबद्दल काय ठरवून टाकलं. नवे समुपदेशक पहिल्या थरातच अडकतात, तारखा आणि नावं विचारत बसतात. पाळकाकडे येण्याचं खरं कारण बऱ्याचदा तिसऱ्या थरात असतं. नोकरी गेली ही घटना, लाज वाटते ही भावना, आणि ‘देवाने मला टाकलं’ हा निष्कर्ष. हा निष्कर्ष ऐकू आला की लगेच खोडू नये. “देवाने टाकलं असं कधीपासून वाटतंय?” असं विचारावं.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न कमी ठेवावेत. “असं का केलंत?” हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी माणूस सफाई द्यायला लागतो. काय, कसं, कधीपासून हे शब्द जास्त उपयोगी. आणि शांतता सोसायला शिकावं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. ते दहा मोजणं नवख्याला फार लांब वाटतं, पण समोरचा माणूस त्या वेळात शब्द शोधत असतो. बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. स्पष्टीकरणं सुरू झाली तिथे बिघडलं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७मध्ये बदल घडण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यातल्या समुपदेशकाकडून अपेक्षित तीन सगळीकडे शिकवल्या जातात: समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, अट न घालता त्याचा स्वीकार, आणि स्वतः आतबाहेर एक असणं. पाळकाला दुसरी जड जाते. पापाला पाप म्हणायचं नाही का, अशी शंका येते. माणसाचा स्वीकार म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीला मान्यता नव्हे, एवढं उत्तर पुरे. सुधारणेचा शब्दही ज्याने आपलं ऐकून घेतलंय त्याच्याच तोंडून पचतो.

वचन आणि प्रार्थना कधी

पाळकाकडे ही दोन साधनं आहेत, म्हणून तर लोक त्याच्याकडे येतात. ती लपवण्याचं कारण नाही. पण क्रम पाहावा. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत आधी त्याला दोनदा उठवून खाऊपिऊ घालतो, मधल्या वेळात झोपू देतो. मग होरेब डोंगरावर त्याला विचारलं जातं की तू इथे काय करतोस. तो तक्रार सांगतो. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच तक्रार, जवळजवळ शब्दशः. तरी कुणी त्याला मध्ये तोडत नाही. तो एकटा नाही, आणखी सात हजार आहेत, ही दुरुस्ती अगदी शेवटी येते, आणि तिच्याबरोबर काम आणि अलीशासारखा सोबती. भूक, झोप, प्रश्न, ऐकणं, मग सुधारणा: पहिल्या भेटीचा आराखडा म्हणून हा अध्याय पुष्कळ पाठ्यपुस्तकांपेक्षा सरस आहे.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे, खरं असूनही मूल गमावलेल्या आईला अंत्यविधीच्या दिवशी ऐकवायचं नसतं. त्याच पत्रातलं ‘शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ त्या दिवसासाठी आहे. विलापाची स्तोत्रं अशा वेळी जास्त कामाला येतात. तेरावं स्तोत्र ‘किती काळ’ अशा प्रश्नाने सुरू होऊन भरवशावर येतं. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं. दुसरं वाचायला पाळक कचरतात, पण दुःखी माणसाला दिलासा असा मिळतो की आपल्यासारखं बोलणंही पवित्र शास्त्रात आहे.

प्रार्थनेआधी विचारावं: “आत्ता प्रार्थना करू का? कशासाठी करू?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा तासभराच्या बोलण्यापेक्षा नेमकं असतं. प्रार्थनेत त्याचेच शब्द वापरावेत, दोन मिनिटांत थांबावं. डोळे मिटून समोरच्याला टोमणे मारणं, ‘प्रभू, याला बायकोशी प्रेमाने वागायला शिकव’ या धर्तीचं, टाळावं. तो उपदेशच आहे, फक्त त्याला उत्तर देता येत नाही. बोलणं अवघड वळणावर आलं की सुटका म्हणून प्रार्थना सुरू करणं हीही नेहमीची चूक.

क्षमेबद्दल घाई तर सर्वांत महाग पडते. क्षमा, समेट आणि विश्वास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एकटा माणूस करू शकतो, तीही त्याच्या गतीने. समेटाला दोघं लागतात, आणि चूक करणाऱ्याचा पश्चात्ताप लागतो. विश्वास वागणुकीच्या पुराव्यावर, महिनोन्महिन्यांनी परत येतो. ‘क्षमा केली ना, मग घरी जा’ या एका वाक्याने या तिन्ही एक होतात आणि मार खाणारी व्यक्ती पुन्हा त्याच घरात जाते.

जिथे पाळकाने एकट्याने चालू नये

घरात मारहाण, धमक्या किंवा सततची नजरकैद असेल, तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करू नये. पीडित व्यक्ती त्या खोलीत खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर किंमत घरी मोजावी लागते. वेगळं भेटावं. आधी सुरक्षिततेचं पाहावं: आज रात्री कुठे राहणार, कागदपत्रं कुठे आहेत, कुणाला फोन करता येईल. भेट झाल्याचं दुसऱ्या बाजूला कळू देऊ नये.

आत्महत्येचा विचार मनात आहे असं वाटलं तर सरळ विचारावं: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे, बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर पुढे: कसं करायचं ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, वेळ ठरलीय का, आधी प्रयत्न झालाय का. बेत, साधन आणि वेळ ठरलेली असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, साधन दूर करायला घरच्यांना सांगायचं, तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. इथे गुप्ततेचं वचन देऊ नये. ‘आत्महत्या पाप आहे’ हे वाक्यही या घडीला उपयोगाचं नाही. त्याने माणूस विचार सोडत नाही, सांगणं सोडतो.

उदासी, झोप आणि भूक बिघडणं, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज चाललं असेल तर डॉक्टरकडे पाठवावं. आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे अशी खात्री असणं, यातही तसंच. प्रार्थना चालू ठेवावी, पण ‘विश्वास ठेव आणि गोळ्या बंद कर’ असं कधीही म्हणू नये. मानसिक आजाराची काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

एक प्रकार पाळकाकडेच आधी येतो. माणूस तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतो, दर वेळी क्षमेची खात्री मागतो, ती मिळाल्यावर काही तास बरा असतो आणि परत येतो. लोयोलाचे संत इग्नेशियस स्वतः १५२२च्या सुमारास अशा शंकाकुशंकांनी बेजार झाले होते. आज डॉक्टर याला बऱ्याचदा ओसीडीचं, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकाराचं, रूप म्हणून ओळखतात. इथे पाळकाची दयाच आजाराला खतपाणी घालते, कारण प्रत्येक खात्रीनंतर पुढची खात्री लवकर लागते. उत्तर एकदाच द्यावं, ते पुन्हा न देण्याचं त्याच्याशी ठरवावं, आणि ओसीडीवर उपचार करणाऱ्याकडे पाठवावं.

अशी तातडी नसली तरी साधारण चार ते सहा भेटींत काही हललं नाही, तर दुसऱ्याकडे पाठवण्याचा विचार करावा. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्यसनमुक्ती केंद्र, निवारा, वकील यांची यादी आधीच तयार हवी: फी किती, लगेच वेळ मिळते का, श्रद्धाळू माणसाशी कसे वागतात. पाठवताना म्हणावं, “या गोष्टीला माझ्यापेक्षा जाणता माणूस हवा. मी तुमचा पाळक आहेच, भेटत राहू.” परवानगी घेऊन तिथूनच फोन लावून द्यावा, आठवड्याभरात विचारपूस करावी. नुसता नंबर लिहून दिलेली चिठ्ठी पुष्कळदा खिशातच राहते.

मंडळीत राहून गुपित सांभाळणं

दवाखान्यातला समुपदेशक भेट संपली की संपला. पाळकाला तोच माणूस रविवारी समोर दिसतो, समितीत मत देतो, त्याच्या मुलाला पाळकच बाप्तिस्मा देतो. म्हणून गळती वेगळ्या वाटेने होते. संदेशातलं उदाहरण ही पहिली वाट: नाव बदललं तरी छोट्या मंडळीत लोक ओळखतात, आणि ज्याचं आहे तो तर नक्कीच. दुसरी वाट प्रार्थना विनंत्यांची. ‘अमक्याच्या संसारासाठी खास प्रार्थना करा’ एवढं पुरेसं होतं. तिसरी, पाळकाच्या स्वतःच्या घरची. जोडीदाराला सांगणं म्हणजे कुणालाच न सांगणं, असं धरून चालू नये. टिपण ठेवायचं तर तारीख, घडलेल्या गोष्टी, ठरलेलं पाऊल एवढंच, कुलपात; तर्क आणि शेरे नकोत.

काही जण पाळकात हरवलेला बाप शोधतात, काही जण देवावरचा राग पाळकावर काढतात. उलट बाजूनेही ओढ लागते: ‘याला फक्त मीच वाचवू शकतो’. धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. एकाच व्यक्तीच्या भेटी लांबू लागणं, रात्री उशिरा मेसेज, भेटीची गोष्ट घरी न सांगणं, तिच्या भेटीच्या दिवशी कपड्यांकडे जास्त लक्ष जाणं. यातली एक दिसली तरी वरिष्ठांशी बोलावं. शारीरिक जवळीक झालीच तर ती ‘दोघांच्या संमतीने’ म्हणता येत नाही; सत्ता एका बाजूला आणि गरज दुसऱ्या बाजूला असताना संमतीला अर्थ उरत नाही.

सराव

हे सगळं वाचून येत नाही. बॉइसन यांच्यापासून सुरू झालेल्या प्रशिक्षणपद्धतीचा, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचा, एक टप्पा किमान ४०० तासांचा असतो, आणि त्याचं मुख्य हत्यार शब्दशः नोंद हे आहे. ती घरीही करता येते. भेटीनंतर चोवीस तासांच्या आत, संभाषणातला पाच-सात मिनिटांचा अवघड भाग आठवून संवादासारखा लिहायचा: सभासद १, पाळक १, सभासद २, पाळक २. नाव, गाव, ओळख पटेल असं काही नाही. मग कागदाच्या उजव्या बाजूला आपल्या प्रत्येक वाक्यासमोर दोन गोष्टी: त्या क्षणी मला काय वाटत होतं, आणि वरच्या पाचपैकी हा कुठला प्रतिसाद. अवघडलेपण आलं तिथेच विषय बदलला गेला, किंवा वचन आलं, असं बहुतेकांना पहिल्याच कागदावर दिसतं. कागद महिन्यातून एकदा अनुभवी पाळकासमोर किंवा तीन-चार जणांच्या गटात वाचावा. गटाने सभासदाच्या समस्येवर चर्चा करू नये; तो मोह फार होतो. चर्चा पाळकाच्या वाक्यांवर व्हावी, आणि काम झाल्यावर कागद फाडून टाकावा.